डोंगरवालीच्या सपाता

१

पिलसुन भाताचं माप चपला मोजून घ्यायची.

गावात तरणं माणूस औषधालाही उरलं नव्हतं. शाळा बंद पडून जमाना झाला होता आणि तिच्या वर्गांत मानबोकदादा लसूण वाळत घालायचा. उरल्या होत्या त्या म्हाताऱ्या. थंडी सुरू झाली की त्या रोज दुपारी गावच्या सभागृहात जमायच्या. घरोघरी चूल कशाला पेटवायची? इथेच गरम फरशीवर बसावं, जेवावं, पत्ते कुटावेत आणि जी आली नाही तिची धुणी धुवावीत, असा सोपा हिशेब. त्यांच्यात पिलसुन म्हणजे पोरगीच, नुकती साठी ओलांडलेली. त्यामुळे सरपंचपद तिच्या गळ्यात पडलं आणि मागोमाग स्वयंपाकही पडला.

सभागृहाच्या दाराबाहेर दगडी पायरी होती. तिच्यावर चपलांची रांग लागायची. पिलसुन तिच्यावरून एक नजर फिरवायची आणि थेट तांदळाच्या पिंपाकडे जायची. आत डोकावून माणसं मोजायच्या भानगडीत ती कधी पडली नाही. माणूस खोटं बोलेल, चपला कशाला बोलतील? तिची सासूही असंच माप घ्यायची. तिच्या हातचा भात कधी उरला नाही आणि कुणी अर्धपोटी उठलं नाही.

त्या दिवशी मात्र एक वाडगा भात उरला.

"सरपंचबाई, म्हातारपण आलं बरं का!" चुन्यांगवाली म्हणाली. या गावात बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत होती. त्यांची खरी नावं एकट्या पोस्टमनला ठाऊक. चुन्यांगवालीची जीभ अशी की लिंबानंही तोंड वाकडं करावं. "तुझ्या त्या लाडक्या कोल्ह्यांनी तुझं डोकं खाल्लंय."

"गप गं. एखादी येऊन न जेवता गेली असेल."

"न जेवता? ह्यांच्यातली? ह्यांच्या ताटातलं मांजरालासुद्धा मिळत नाही!"

सगळ्या खो खो हसल्या. भिंतीला टेकून बसलेली उल्जिनवाली आजी तेवढी हसली नाही. नव्वदीची, डोळे जवळजवळ गेलेले. ती नुसती मान हलवत म्हणाली, "नवी नवरी पहिल्या दिवशी कुठे जेवते?"

आजी असंच काहीबाही बोलायची. पिलसुनने भात झाकून ठेवला.

२

कोल्ह्यांचं प्रकरण पिलसुनने स्वतः ओढवून घेतलं होतं, हे खरंच होतं.

एके काळी समोरच्या डोंगरात कोल्हे उदंड होते. मग उंदरांवर विष घातलं गेलं. उंदीर मेले आणि ते खाऊन कोल्हे मेले. आजी म्हणायची की त्या वर्षी डोंगर मुका झाला. आता सरकारला जाग आली होती. पिंजऱ्यात जन्मलेले कोल्हे आणून डोंगरात सोडायचे, गळ्यात पट्टा बांधायचा, पट्ट्याची टिकटिक यंत्रावर ऐकायची, अशी योजना निघाली. सोडण्याआधी त्यांना सवय व्हायला कुंपण लागतं. ते उभं राहिलं गावाच्या सामाईक रानात. आणि त्या कुंपणावर नेमणूक झाली ती पिलसुनच्या एकुलत्या एक लेकीची, सोदामची.

सोदाम शहरात शिकायला गेली ती तिकडचीच झाली होती. वर्षातून दोनदा यायची, तेही पाव्हण्यासारखी. आता ती रोज संध्याकाळी घरी यायची, दारातच एक बूट पूर्वेला आणि एक पश्चिमेला भिरकावायची आणि ओरडायची, "आई, पोटात कावळे ओरडतायत!" पिलसुन रोज बुटांवरून शिव्या घालायची आणि रोज मनातून सुखावायची. नवरा गेल्यापासून त्या घरात आरडाओरडा झालाच नव्हता.

पण एक मेख होती. रान गावाचं, तेव्हा दर वर्षी वर्षअखेरच्या सभेत गावाने होकार द्यायचा. नाही म्हटलं तर कुंपण उचलून दुसऱ्या प्रांतात न्यायचं, आणि कुंपणाबरोबर सोदामही जायची. मानबोकदादाच्या कोंबड्या जायला लागल्यापासून गाव निम्मं निम्मं फाटलं होतं.

कोंबड्यांचं जाऊ द्या, चपलाही जात होत्या. कोल्ह्यांना पायताणाची भारी हौस. पायरीवरून उचलून न्यायचे, चावायचे आणि कुठेतरी टाकून द्यायचे. चुन्यांगवालीच्या जांभळ्या केसाळ सपाता अशाच गेल्या. मुलाने पाठवलेल्या, एकदासुद्धा चिखल न लागलेल्या. वळचणीला दोऱ्यांत ओवून वाळत घातलेल्या पर्सिमन फळांच्या माळाही खालून खालून रिकाम्या व्हायला लागल्या. हे सगळे उद्योग एका काळ्या पायांच्या कोल्हिणीचे होते. सोदामच्या यंत्रावर तिला नंबर होता, पण बायकांनी तिला नाव ठेवलं होतं. गावात नवी सून येऊन वीसेक वर्षं लोटली होती. म्हणून हीच नवी सून, आणि माहेर डोंगरात म्हणून डोंगरवाली.

"डोंगरवालीने काल माझे मोजे नेले."

"नेऊ दे. सुनेला आहेर केलास असं समज."

अशी थट्टा चालायची. नाव कुणी ठेवलं ते नंतर कुणालाच आठवेना. पिलसुनला वाटायचं, आजीनेच.

३

दुसऱ्या दिवशीही भात उरला. पिलसुनने तांदळाचं पिंप, माप, स्वतःचा चष्मा, सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. तिसऱ्या दिवशी ती पायरीपाशी थांबली आणि एकेक जोड ओळखीने पाहू लागली. हे आजीचे रबरी बूट. हे आन्दोंगवालीचे, टाच दाबलेले. आणि रांगेच्या शेवटी जांभळ्या केसाळ सपाता.

"बरं झालं बाई, सापडल्या," ती मनाशी म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ धुऊ लागली. धुता धुता तिचे हात थांबले. त्या सपातांत काहीतरी खटकलं होतं. ओल्या हातांनी ती पुन्हा बाहेर आली.

सपाता अगदी नीट, रांगेला रांग लावून ठेवल्या होत्या. फक्त डावी उजवीकडे होती आणि उजवी डावीकडे. लहान मूल कधी कधी तशा ठेवतं. किंवा कधी चपला न घातलेलं माणूस.

"चुन्यांगवाली, सपाता उलट्या काढल्यास की गं!" तिने आत येऊन हसत सांगितलं.

"कुठल्या सपाता?"

"जांभळ्या."

"माझ्या जांभळ्या त्या सटवीने नेल्या, सगळ्या गावाला माहीत आहे. जखमेवर मीठ कशाला चोळतेस?" चुन्यांगवालीने पाय पुढे केला. पायात साधे फुलाफुलांचे मोजे होते, आणि बाहेर, ती म्हणाली, तिच्या नवऱ्याचे जुने गमबूट होते.

जेवणं झाल्यावर सगळ्या मिळून बघायला गेल्या. गमबूट होते. सपाता नव्हत्या.

"सरपंचबाई, तांदळात काय मिसळलं होतंस? आम्हालाही दे की थोडं!"

पिलसुनही हसली. न हसून काय करते? पण भांडी आवरताना तिने पाहिलं, त्या दिवशी भात उरला नव्हता. जास्तीचा वाडगा चाटूनपुसून लख्ख झाला होता. आत कुठेही शीत चिकटलेलं नव्हतं.

"हा कोणी खाल्ला?"

"मी एकच खाल्ला."

"मीसुद्धा."

आजी म्हणाली, "रुळली."

४

पिलसुन भोळी नव्हती. ती सफरचंदाच्या बागेचा हिशेब ठेवणारी बाई, भुताखेतांवर विश्वास ठेवायला तिला सवड नव्हती. कोणीतरी चेष्टा करतंय, दुसरं काय? तिने आल्या-गेल्यावर नजर ठेवायचं ठरवलं. जेवण वाढताना नावं घेत घेत वाडगे दिले. प्रत्येक नावाला ओ मिळाली, प्रत्येक चेहरा ओळखीचा. कोणी जास्त नाही. तरी शेवटी हातात एक वाडगा होता, आणि कोणीतरी तो अलगद घेतला. कोणी घेतला ते तिला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात बाहेरून सोदामचा आवाज आला. हातात अँटेना, कानाला यंत्र, नाक लाल.

"आई, बाहेर ये जरा. डोंगरवाली इथेच आहे."

"कुठे?"

"इथे. सभागृहात." सोदामने अँटेना डावीकडे फिरवली की टिकटिक मंदावायची, भिंतीकडे केली की यंत्र ठणाणा करायचं. "फरशीखाली शिरली असणार. आत ऊब असते ना."

"अगं, फरशीखाली पोकळी कुठे आहे? गरम पाण्याच्या नळ्या आणि वर सिमेंट. उंदीर शिरायचा नाही."

दोघींनी सभागृहाला एक फेरी मारली. भोक नाही, फट नाही. सोदामने यंत्रावर चापट मारली. "भिंतीवर आपटून आवाज परत येतो कधी कधी. असतं असं." ती स्वतःच्याच बोलण्यावर समाधान मानून घराकडे निघून गेली. पिलसुनलाही पटलं. पटवून घेतलं म्हणा.

ती आत आली. बायकांची हसून हसून पुरेवाट झाली होती, चुन्यांगवाली मानबोकदादाची नक्कल करत होती. पिलसुन सार वाढायला गेली आणि हातातली पळी निसटून ठेंगण्या टेबलाखाली गेली. ती वाकली.

टेबलाखाली पायांची दाटी होती. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या पाय लांब करूनच बसायच्या. सगळीकडे फुलाफुलांचे जाड मोजे, लाल, पिवळे, ठिगळ लावलेले. आणि आजीच्या पायांना खेटून काळे मोजे. बारीक, फारच बारीक पाय, एकही सुरकुती नसलेले, खालपासून वरपर्यंत काळेभोर. त्यातला एक दुसऱ्यावर हळूच घासला गेला. थंडीतून आल्यावर आपण घासतो तसा.

त्याच्या वर काय होतं ते पिलसुनने पाहिलं नाही. पळी घेऊन ती उठली तेव्हा टेबलाभोवती नेहमीचे चेहरे नेहमीसारखे हसत होते. आजीच्या एका बाजूला भिंत. दुसऱ्या बाजूला चुन्यांगवाली. पण चुन्यांगवाली अंग चोरून बसली होती, शेजारी कुणी असलं की बसतो तशी.

"तू अशी अवघडून का बसलीस गं? जागा आहे की."

चुन्यांगवालीने शेजारची रिकामी फरशी पाहिली. "अगंबाई, खरंच की," ती म्हणाली. पण सरकली नाही.

पिलसुनने कढई तशीच टाकली आणि घर गाठलं. वाटेत नको नको ते मनात आलं. सोदाम रोज रानात एकटी जाते, त्यांच्यात असते, संध्याकाळी परत येते ती... तीच असते ना? ती धावतच फाटकातून आत शिरली. एक बूट अंगणात उपडा पडला होता आणि दुसरा झाडूच्या बादलीत.

पिलसुन पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"आई, काय झालं?" आतून सोदाम.

"काही नाही गं राजा. टाक, टाक तू बूट कुठेही."

५

वर्षअखेरची सभा दुपारी भरली. त्या दिवशी बाप्येही आले, पायरी भरून चपला खाली मातीत उतरल्या. मत द्यायची रीत जुनी होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या सासवांच्या काळापासूनची. किमचीच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत हात घालायचा आणि मुठीतला दाणा सोडायचा. पिवळं सोयाबीन म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. समसमान पडलं तर नाहीच. हजेरीसुद्धा चपलांवरूनच धरायची.

"ह्या वेळी चपला मी मोजणार," मानबोकदादाने बजावलं. "सरपंचबाई कोल्ह्यांची आई आहे."

"मोज बाबा. आणि तुझे बूट दोनदा धर, वासच तेवढा आहे," चुन्यांगवाली म्हणाली.

सोदाम पगारी माणूस म्हणून तिला मत नव्हतं. ती दाराबाहेर हातमोजे चुरगाळत उभी होती. तिने सकाळीच बॅग खाली काढून ठेवली होती, "उगाच, धूळ झटकायला." पिलसुनने ती पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

आजीला दिसत नव्हतं म्हणून पिलसुनने तिचा हात धरून बरणीपाशी नेलं. तिच्या तळव्यावर तिने मागितलेलं पिवळं सोयाबीन ठेवलं. दाणा बुडाशी टक् करून पडलेला पिलसुनने स्वतः ऐकला.

बरणी पालथी केली. एका बाजूला पिवळे, एका बाजूला काळे. दोन्ही ढीग समान निघाले. आणि मध्ये एक तपकिरी, चकचकीत, चपटं बी उरलं.

"हे काय?" मानबोकदादाने ते चिमटीत धरलं. "हे पर्सिमनचं बी आहे! हे सोयाबीन नाही. रद्द!"

"आधी एकूण किती ते बघ," कोणी तरी म्हणालं.

त्याने मोजलं. बी धरून आकडा चपलांशी बरोबर जुळत होता. त्याने स्वतःच मोजलेल्या चपलांशी.

"ते माझं आहे," भिंतीकडून आजीचा आवाज आला. "मला मेलीला दिसतं कुठे? हाताला लागलं ते टाकलं. माझं मत होकाराचं."

पिलसुनने आजीकडे पाहिलं. आजी तिच्याचकडे पाहत होती, त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी, अगदी शांतपणे.

सगळं गाव सरपंचाकडे बघत होतं. उघड्या दारातून पायरी दिसत होती. रांगेच्या टोकाला, सोदामच्या पायांपाशी, जांभळ्या केसाळ सपाता होत्या. नीट ठेवलेल्या, उलट्या. सोदामचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आईच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होती, लहानपणी निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी.

पिलसुनला खरं काय ते माहीत होतं. तिच्या तोंडाशी आलंही होतं. पण घर पुन्हा मुकं होईल, एवढंच तिच्या डोक्यात आलं, आणि पुढचं तिने गिळलं.

"आजीचं मत हो," ती म्हणाली. "कोल्हे राहतील."

एकच गलका झाला. सोदामने दारातून धावत येऊन आईला मिठी मारली. मानबोकदादाने बी फेकून दिलं आणि म्हणाला, "हरलो तर हरलो. पण माझं खुराडं तुझ्या लेकीने बांधून द्यायचं. पक्कं!" संध्याकाळी पिलसुनने ध्वनिक्षेपकावरून सगळ्या गावाला निकाल ऐकवला. नेहमीप्रमाणे आधी माइकवर तीनदा फुंकर मारली. शेवटी, का कोण जाणे, तिने डोंगराकडे तोंड करून पुन्हा एकदा सांगितलं.

६

सफरचंदाला फुलं आली. सोदामने खुराडं बांधलं, कोंबड्या जायच्या थांबल्या आणि मानबोकदादाच्या तक्रारी दुसऱ्या विषयाकडे वळल्या.

"बंद शाळेत कोणीतरी शिरलं होतं. माझ्या लसणाला हात नाही लावला. पोरांच्या बुटांचं कपाट तेवढं उचकलंय. ते पांढरे कापडी बूट कोण मेला नेईल? गावात पाय आहेत का त्या मापाचे?"

सोदाम मात्र आनंदात होती. डोंगरवालीला पिल्लं झाली होती, शाळेमागच्या बांधात कुठेतरी. अजून कोणी पाहिली नव्हती. या डोंगरात जन्मलेली, पिंजऱ्यात नव्हे. ती हे इतक्यांदा सांगायची की पिलसुनला पाठ झालं.

त्या दिवशी फुलं विरळ करता करता पिलसुनला उशीर झाला. ती सभागृहापाशी आली तेव्हा आतून हसणं ऐकू येत होतं. पण नेहमीचं नव्हे. म्हाताऱ्या मऊ आवाजात हसत होत्या, अधूनमधून कोणी तरी "हळू, हळू, सांडेल" म्हणत होतं. असं बोलणं या गावात कित्येक वर्षांत कोणी केलं नव्हतं.

पायरीवर रांग होती. आजीचे रबरी बूट, आन्दोंगवालीचे, गमबूट, मग जांभळ्या सपाता. आणि त्यांच्या पलीकडे तळहाताएवढे पांढरे कापडी बूट, धुऊन धुऊन नावं पुसलेले, एकाशेजारी एक. सगळे उलटे. एका जोडात तर दोन्ही डावेच होते.

पिलसुनच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगायचं, तिला भरूनही आलं. ती वाकली. पहिला जोड तिने उचलला, डावा डावीकडे ठेवला, उजवा उजवीकडे. बूट आतून गरम होता.

आतलं हसणं थांबलं. कागद लावलेल्या सरकत्या दारामागे काहीतरी हललं, जमिनीपासून फार उंच नाही. कान लावून ऐकणारं.

"सरपंचबाई, तूच ना गं?" आजीचा आवाज आला. "आज तांदूळ जास्त टाक. डोंगरवाली पोरं घेऊन आलीय."

पिलसुन उभी राहिली. दार सरकवायला हात पुढे गेला, आणि मागे आला. ती वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराने आत गेली आणि तांदळात माप बुडवलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"आई," सोदामचा आवाज काळजीचा होता, "डोंगरवाली पुन्हा सभागृहाकडे दाखवतेय गं. पिल्लांना एकटं टाकून गेली की काय? एवढीशी आहेत ती."

"एकटी नाहीत," पिलसुन म्हणाली. तिने एक माप घातलं, मग आणखी एक. "जेवायला बसलीत. तूही ये."

"कोण जेवायला बसलंय?"

"ये तर खरी. आणि हे बघ, आज तरी बूट पायरीवर नीट काढ. पोरं बघून शिकतात."